भोंग्यावर लावलेला सूर

मानपत्र लिहून द्या, असा फोन आला तेव्हाच मला कळलं, की अप्पाला काढायचं ठरलंय.

आपल्याकडे माणसाला हाकलण्याची रीत फार सभ्य आहे. 'उद्यापासून येऊ नका' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. शाल आणतात, नारळ आणतात, सोफ्यावर मधोमध बसवतात आणि त्याच्याविषयी भूतकाळात बोलतात. नारळ मांडीवर घेऊन माणूस एकदा स्टेजवरून उतरला, की पुन्हा वर चढायला त्याला पायरी सापडत नाही. सोलापुरात शालीऐवजी चादर देतात, एवढाच स्थानिक फरक.

फोन आमच्या बँडच्या आत्ताच्या संचालकाचा होता. हा आमच्या लीड गिटारवाल्याचा मुलगा. बाप गेल्याच्या गेल्या वर्षी वारला. मुलाला घर मिळालं, स्कूटर मिळाली आणि बँड मिळाला. स्कूटर त्याने विकली. बँड ठेवला, कारण लग्नांचे आणि उद्घाटनांचे कार्यक्रम घेण्याचा त्याचा मूळ धंदाच आहे, सात रस्ता चौकात ऑफिस आहे, आणि त्या धंद्यात पन्नास वर्षांचं नाव कामाला येतं.

"काका, सुवर्णमहोत्सव आहे. ग्रँड करायचंय," तो म्हणाला. "अप्पांचा सत्कार ठेवलाय. मानपत्र तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

"अप्पा गाणार ना?"

"बघू की. फ्लो कसा बसतोय त्यावर आहे."

फ्लो. मी शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. नकार देण्यासाठी आपल्या भाषेत किती सुंदर शब्द आहेत आणि लोक कुठले वापरतात, याची मला रोज नव्याने चीड येते.

अप्पा म्हणजे आमचा गायक. मूळचा मैंदर्गीचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि गाताना जी सापडेल ती. कॉलेजसाठी सोलापुरात आला, कॉलेज जमलं नाही, गाणं जमलं. पुढे आयुष्यभर पाण्याच्या मोटारींच्या दुकानात विक्रीला उभा राहिला आणि शनिवार-रविवार आमच्यासोबत गायला. आता सत्तरी ओलांडलीय. आम्ही मूळचे चौघं. लीड गिटारवाला गेला, त्याच्या आधी ड्रमवाला गेला, मी दुसरी गिटार वाजवायचो तो मध्येच सोडून गेलो. न सोडता आणि न मरता राहिलेला हा एकटा. सुवर्णमहोत्सवाचं कळल्यापासून त्याचं एकच म्हणणं होतं: उन्हाचं गाणं म्हणायचं, तिन्ही कडवी, उभं राहून.

उन्हाचं गाणं आम्हीच केलेलं. कडवी मराठी आणि ध्रुवपदात कानडीतला एकच शब्द, बिसलू, म्हणजे ऊन, तो आठ वेळा. कविता म्हणून त्यात काही नाही. पण एप्रिलमध्ये कॉलेजच्या मैदानावर, पत्र्याच्या मांडवात, दीड हजार घामेजलेली पोरं एका सुरात बिसलू ओरडायची, तेव्हा ज्याने ऐकलं तो ते विसरलेला नाही.

एका सुरात, असं मी म्हणालो. तो सूर कुठला, हेच या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे.

आम्ही सुरुवात केली तेव्हा सोलापुरात बँड म्हणजे वरातीचा. आम्ही बँड काढलाय म्हटलं, की लोक लग्नाची तारीख सांगायचे आणि घोडाही तुमच्याकडूनच मिळतो का, असं विचारायचे. दोन इलेक्ट्रिक गिटारी पुण्याहून जुन्या आणलेल्या. अॅम्प्लिफायर एका रेडिओ मेकॅनिकने जुळवून दिलेला. तो तापला की गाण्याच्या मध्येच त्यातून शेतीविषयक बातम्या ऐकू यायच्या. तालमीची जागा ड्रमवाल्याच्या घरामागची. तो तेलुगू, विणकरांच्या घरातला. पुढे घर, मागे मागांची शेड, शेडला लागून एक रिकामी खोली.

गिटार लावायची तर कुठलातरी एक पक्का सूर लागतो. त्यावर एक तार लावायची, मग तिच्यावरून बाकीच्या. आमच्याकडे सूर देणारं काहीच नव्हतं. मिळत असेल कुठेतरी, पण ते असतं हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. जवळ होती गिरणी. गिरणीचा भोंगा पाळी बदलताना वाजायचा, सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री. लीड गिटारवाल्याने ठरवलं की पाचवी तार तीनच्या भोंग्यावर लावायची. तीनच्याच का, तर सकाळच्या भोंग्यात वाफ कमी असते, तो बसका येतो, असं त्याचं संशोधन. दुपारपर्यंत बॉयलर नीट तापलेला असतो. म्हणून तीनला पाच कमी असताना आम्ही गिटारी घेऊन गप्प उभे राहायचो. भोंगा खालून वर चढायचा, वर जाऊन थोडा वेळ ठाम थांबायचा आणि खाली उतरायचा. त्या थांबण्याच्या वेळात तार जुळली तर जुळली. एकदा माझी तार त्याच क्षणी तुटली आणि त्या दिवशीची तालीम रद्द झाली. सूर दुसऱ्या दिवशी तीनलाच मिळणार होता.

आता भोंगा काही संगीताच्या हिशेबाने केलेला नसतो. तो जगाच्या ठरलेल्या सुरापेक्षा थोडा खाली होता, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसेल असा. आम्हाला याचा पत्ता नव्हता. आमच्यात सगळे एकमेकांशी जुळलेले होते, त्यामुळे आम्ही सुरातच होतो. मग कुणीतरी सुचवलं म्हणून शेजारच्या गल्लीतला एक भजनातला पेटीवाला घेतला. त्याने पहिली पट्टी दाबली आणि आम्ही चौघंही त्याच्याकडे वळून बघायला लागलो.

"पेटी बिघडलीय तुमची," मी त्याला म्हणालो. मीच म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो.

त्याने पेटी दुरुस्त करून आणली. पुन्हा तेच. पुन्हा दुरुस्त करून आणली. शेवटी आम्ही त्याला मोठ्या मनाने सांगितलं, की तुमचा कान भजनाचा आहे, हे वेगळं संगीत आहे. तो बिचारा पेटी सायकलला बांधून गेला. अख्ख्या खोलीत बरोबर असलेला तो एकटाच होता. पुढे कित्येक वर्षं रस्त्यात भेटला की तो मान फिरवायचा, आणि मला वाटायचं, किती हा अहंकार.

एकदा गिरणीत संप झाला. भोंगा बंद. आमच्या तारा ढिल्या पडत गेल्या, प्रत्येकाची वेगळी. दोन आठवड्यांनी कंटाळून अप्पा म्हणाला, "थांबा की जरा," आणि डोळे मिटून त्याने एक सूर धरला. आम्ही त्यावर तारा लावल्या. संप मिटला, तीनचा भोंगा वाजला, आणि आमची पाचवी तार त्याच्याशी केसाइतकाही फरक न होता जुळली. ड्रमवाला पायाखालची फरशी बघत राहिला. त्याच्या तेलुगूत काहीतरी पुटपुटला आणि मग आम्हाला समजावं म्हणून मराठीत म्हणाला, "याच्या गळ्यात बॉयलर आहे रे."

पुढे गिरणी कायमची बंद पडली. तेव्हापासून बँड अप्पावर लावला जायचा. तो आल्याआल्या पाणी पिऊन सूर द्यायचा, मग सगळे तारा पिळायचे. लीड गिटारवाला जिवंत होता तोवर हे असंच चाललं. बँड बेसूर आहे असं दोन-चार जाणकार म्हणायचेही. गर्दी म्हणायची नाही.

माझं असं मुळीच म्हणणं नाही, की जुनी माणसं गेली की बँड संपला. परदेशातल्या म्हाताऱ्या बँडबद्दल हा वाद मी पुष्कळ वाचलाय. कुणातला गायक मेलेला, कुणातला ड्रमवाला बदललेला, एकाच नावाचे दोन बँड कोर्टात भांडतायत, आणि मैदानं मात्र भरतायत. लोक हिशेब मांडतात, की मूळचे निम्मे तरी हवेत, का गायक हवाच, का एक पुरे. मला हे हिशेब बिनडोक वाटतात. ड्रमवाल्याच्या शेडमध्ये मी यापेक्षा शहाणी गोष्ट पाहिली होती. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की विणकर तो कापून फेकत नाही. जुन्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचे धागे सांधतो, एकाला एक, हजारो. ड्रमवाल्याच्या आईला या कामाला अख्खा दिवस लागायचा, पाठ मोडायची. मग गाठी हळूच फणीतून पुढे ओढल्या, की माग पुन्हा सुरू. धागा न् धागा नवा, आणि माग तोच. माझी बदली जेऊरला झाली तेव्हा माझ्या जागी बँकेतला एक कारकून आला. चार महिने तो दर शनिवारी माझ्या शेजारी बसला, आणि नंतर माझ्यापेक्षा चांगला वाजवायला लागला. बँडचं काही बिघडलं नाही. माझं जरा बिघडलं, पण तो वेगळा विषय.

आणि आमच्याही हातून एक धागा तुटलाच. ड्रमवाल्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्याला सांगायचं धाडस कुणात नव्हतं, म्हणून आम्ही त्याचा सत्कार केला. मी जेऊरहून खास आलो आणि मानपत्र वाचलं. त्याला चादर पांघरली. त्याने तिचं टोक उलटून पाहिलं आणि मला हळूच म्हणाला, "मास्तर, ही आमच्याच घरची आहे." त्याच्या भावाच्या मागावर विणलेली चादर आम्ही दुकानातून विकत घेऊन त्यालाच दिली होती. तो हसला. नंतर तो कधी तालमीला आला नाही. त्याला कुणी 'येऊ नको' म्हणालं नव्हतं, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. या वेळच्या फोनचा मला इतका राग आला त्याचं एक कारण हेही आहे, की ही युक्ती मला आतून माहीत होती.

सुवर्णमहोत्सवाच्या तालमीला मी अप्पाबरोबर गेलो. वातानुकूलित हॉल, पाच तरुण वादक, काळे टी-शर्ट, त्यावर बँडचं नाव आणि आगीच्या ज्वाळा. लॅपटॉपवर सगळ्या गाण्यांचे तयार ट्रॅक, म्हणजे निम्मं वादन आधीच ध्वनिमुद्रित. पोरं वाईट नव्हती. कीबोर्डवर एक मुलगी होती, शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली, बोटं अतिशय स्वच्छ.

अप्पा सवयीने पाणी प्यायला आणि त्याने सूर दिला. कुणी तारा पिळल्या नाहीत. ट्रॅक सुरू झाला. अप्पा गायला लागला, आणि मला पन्नास वर्षांपूर्वीचा तो पेटीवाला आठवला. तशीच कचकच. फक्त आता सगळे वळून अप्पाकडे बघत होते.

संचालकाने हात वर केला. ट्रॅक थांबला. त्याने खिशातून फोन काढून अप्पाच्या तोंडापुढे धरला. "अप्पा, परत 'बिसलू' म्हणा जरा."

अप्पाने म्हटलं. पडद्यावरचा सूर मोजणारा काटा डावीकडे लाल पट्ट्यात जाऊन थरथरत उभा राहिला.

"बघा. खाली जाताय. वयाने होतं, त्यात लाजायचं काही नाही."

"दुसऱ्यांदा म्हनू?" अप्पा म्हणाला. म्हटलं. काटा तिथेच. तिसऱ्यांदा म्हटलं. तिथेच. "हलतोय का?"

"नाही ना. लालमध्येच आहे."

"मग खाली जातोय कुटं? एकाच जागी उभा हाय की."

पोरं हसली. कीबोर्डवाली हसली नाही. ती फोनच्या काट्याकडे बघत राहिली.

"मशीन खोटं बोलत नाही, अप्पा," संचालक म्हणाला.

"मशीन न्हाय बोलत. पर त्याला सांगितलं कुनी, बरूबर काय ते?"

हा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणाच्याही डोक्यात कधी आला नसावा. कधीतरी कुठेतरी चार लोकांनी बसून एक आकडा ठरवला आणि तो सगळ्यांच्या खिशात गेला. आमचा सूर बॉयलरने ठरवला होता. दोन्हीत पवित्र काही नाही. पण ज्या माणसावर हा बँड इतकी वर्षं लावला जायचा त्यालाच त्या बँडच्या तालमीत बेसूर म्हणणं, याला निव्वळ अडाणीपणा लागत नाही. त्याला मालकी हक्क लागतो.

मी संचालकाला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन भोंग्याची हकीकत सांगितली. तुझ्या बापानेच ही पद्धत काढली, हेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. डोळ्यांत कार्यक्रम चमकला.

"काका, भारी स्टोरी आहे ही. निवेदनात घालू."

"निवेदनात नको. सुरात घाल. त्याच्यासाठी एक गाणं खाली लाव."

"ट्रॅक सगळे बांधलेत, काका."

"मग त्या गाण्याला ट्रॅक लावू नको."

"तुम्हाला राग आला ना, की तुम्ही लई शुद्ध बोलता," तो म्हणाला. वडिलांसारखंच हसतो तो. त्याचा मला जास्त राग आला.

तेवढ्यात ती मुलगी दार उघडून बाहेर आली. पाण्याची बाटली भरायला आली होती की ऐकायला, ते विचारलं नाही. "सर, कीबोर्ड खाली घेता येतो," ती म्हणाली. "एक बटण आहे. अर्धं मिनिट लागेल. गिटारवाल्यांना पण सांगते." ज्या गोष्टीसाठी आम्ही एका माणसाला पेटीसकट हाकललं होतं, ती आता अर्ध्या मिनिटाची होती.

मी सौदा केला. मानपत्र देतो, गाणं दे. तिन्ही कडवी, ट्रॅक नाही, कीबोर्ड खाली. तो म्हणाला, "डन, काका." मी त्या रात्री मानपत्र लिहिलं. 'स्वरांचे अनभिषिक्त सम्राट' असं लिहिलं. विद्यार्थ्याने निबंधात असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. कार्यक्रमाचा दिवस येईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो, की तीन कडव्यांसाठी एक सम्राट ही किंमत जास्त नाही.

कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. ते येईपर्यंत निवेदकाने प्रेक्षकांकडून चार वेळा टाळ्यांची रंगीत तालीम करून घेतली. ते आल्यावर स्टेजवर दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचा सत्कार झाला, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा सत्कार झाला, लाइटवाल्याचा झाला. मग पोरांनी तासभर वाजवलं. चांगलं वाजवलं. मागच्या रांगांत लोक नाचत होते. हे लिहायला मला आवडत नाही, पण झालं ते झालं.

मग सोफा आला. अप्पाला त्यावर बसवलं. माझं मानपत्र निवेदकाने वाचलं, गहिवरून. सम्राट शब्दावर तो थांबला आणि टाळ्या घेतल्या. चादर, नारळ, फेटा. आणि संचालक माइकवर म्हणाला, "आता अप्पांनी आपल्याशी दोन शब्द बोलावेत. मग आपण जेवणाकडे वळू."

मी तिसऱ्या रांगेत होतो. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. इतकं नीट टाळलं, की माझी जागा त्याने आधी हेरून ठेवली असणार. डन, काका. त्या दोन शब्दांना इतका कमी अर्थ असू शकतो हे मला या वयात शिकायला मिळालं.

अप्पा उठला. फेटा काढून सोफ्यावर ठेवला, चादर ठेवली, नारळ ठेवला. माइक हातात घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि कुठलीही प्रस्तावना न करता उन्हाच्या गाण्याचं पहिलं कडवं सुरू केलं. एकटा. आपल्या सुरात.

दोन ओळी झाल्या असतील. संचालकाने लॅपटॉपवाल्याला खूण केली आणि ट्रॅक सुरू झाला. त्याला मदत करायची होती, असं तो नंतर म्हणाला. ते खरंही असेल. ट्रॅक वरच्या सुरात, अप्पा खालच्या. लोकांना इतकंच ऐकू आलं, की म्हाताऱ्याचा आवाज घसरतोय. माझ्या मागे कुणीतरी फिसकन हसलं.

अप्पा थांबला. वळून म्हणाला, माइक तोंडाशीच होता, "ते बंद कर की. मी मेलो न्हाय अजून."

ट्रॅक बंद झाला. अप्पाने कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. ध्रुवपदाला कीबोर्डचे स्वर हलकेच खालून आले, आणि ते जुळले. त्या मुलीने सौदा पाळला होता. तिने तो माझ्याशी केलाच नव्हता, तरीही.

तो फार चांगला गायला, असं लिहायचा मोह मला होतो. खरं असं, की दुसऱ्या कडव्यात त्याचा दम तुटला. तिसऱ्यात वरची जागा त्याला लागणार नव्हती, तर त्याने ती टाळून खालून वाट काढली. मधल्या रांगांतली निम्मी माणसं जेवणाकडे निघाली होती. पाहुणे फोनवर होते. उजव्या बाजूला, भिंतीलगत, पाच-सात जुनी माणसं उभी राहिली होती आणि बिसलू म्हणत होती, ओरडून नाही, आपल्याआपल्यात. पण तिन्ही कडवी झाली, उभं राहून झाली, आणि शेवटच्या सुरावर काटा धरला असता तर तो लाल पट्ट्यात त्याच जागी ठाम उभा राहिला असता.

संचालकाने माइक परत घेतला. "या वयातही," तो म्हणाला, "या वयातही ही जिद्द. टाळ्या झाल्या पाहिजेत." 'वयातही'मधल्या त्या 'ही'ने त्याने तीन कडवी तीन सेकंदांत पुसून टाकली.

आठ दिवसांनी अप्पा माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. मोबाइल पुढे केला. पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात होती, लातूरची. काळ्या टी-शर्टातली पाच माणसं, ज्वाळा, बँडचं नाव आणि खाली सोनेरी अक्षरांत स्थापनेचं साल. मधोमध संचालक. तो काहीच वाजवत नाही.

"मास्तर, चष्मा आनला न्हाय मी," तो म्हणाला. "ह्यात मी कुटं हाय, दाव की."

चष्मा त्याच्या खिशात होता, मला दिसत होता. मी साल दाखवलं. "इथं आहेस."

"बरं," तो म्हणाला. "मला न्हाय घेतलं तर न्हाय. पर मग ते साल काढाया सांग. पोरांनी आपलं कालपरवाचं साल लावावं. त्यांचं बी काय वाईट न्हाय, वाजवत्यात चांगलं. ते आमचं हाय, तेवढं माघारी दे म्हनावं."

मी त्याच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. संचालकाला सगळं शांतपणे सांगितलं. शुद्ध बोललो नाही. अप्पाचे शब्दच सांगितले.

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. त्याने गाडी बाजूला घेतली असावी, कारण आवाज थांबला. हसला नाही. वडिलांसारखं नाही, कुणासारखंच नाही.

"काका, ते साल काढलं," तो म्हणाला, "तर आम्हाला बोलावणार कोण?"

परदेशातल्या बँडवर मी इतकं वाचलं होतं, त्यात कुणी इतकं थेट उत्तर दिलेलं मला आठवेना. अप्पा पुढे झुकला आणि फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणाला, "खरं बोललास की, पोरा. पैल्यांदाच."

पलीकडून "अप्पा, तुम्ही पण आहात का तिथं," असं ऐकू आलं. अप्पा पायात चपला सरकवत होता.